टोपी मातीला लागली पाहिजे

टेप सहा इंच दाखवत होती. दाखवायला हवे होते बारा.

मी पुन्हा मोजलं. ओटच्या दोन ओळींच्या मधे, अगदी बुंध्यापाशी. पुन्हा सहाच. माझी टेप शिंप्याची आहे. नांदेडला माझ्या अब्बांचं टेलरिंगचं दुकान आहे, आणि मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी स्वतःच्या गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली होती. त्या टेपनं हजार लोकांच्या कमरा मोजल्यात आणि कुणाचीही भीड ठेवलेली नाही.

"अण्णा, पेरणीला इथे बारा इंच होते. मी स्वतः मोजले होते."

व्यंकटअण्णा बांधावर उभे होते. सत्तरीच्या आसपासचं वय, पांढरी टोपी, आणि चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखा भाव.

"जमीन आकसली असंल मॅडम. थंडी लई हाय औंदा."

मी लातूरच्या एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. माझं काम चारा पिकांचं बियाणं तयार करून घेण्याचं. म्हणजे कंपनी मूळ बी देते, शेतकरी ते वाढवतो, आणि त्याचं जे बी होतं ते पुढे शेकडो शेतकऱ्यांकडे चाऱ्यासाठी जातं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जो माणूस आयुष्यभर चारा पिकवत आला, त्याला बियाणं पिकवायला शिकवणं म्हणजे पोहता येणाऱ्याला सायकल शिकवणं. तो पाणी शोधत राहतो.

फरक काय आहे ते सांगते. ओट हे गव्हाच्या कुळातलं पीक, जनावरांना हिरवा चारा म्हणून लावतात. चारा हवा असेल तर दाट पेरायचं आणि युरिया सढळ हातानं टाकायचा, कारण तुम्हाला पानं हवीत. बियाणं हवं असेल तर उलट. ओळी लांब ठेवायच्या, म्हणजे बुंध्यापर्यंत ऊन आणि वारा जातो, फुटवे ताकदीचे निघतात. युरिया मोजून द्यायचा. जास्त झाला तर झाड नुसतं उंच आणि पानाळ होतं, दांडा मऊ राहतो आणि दाणा भरायच्या वेळेला सगळं पीक आडवं पडतं. त्याला आम्ही लोळणं म्हणतो. लोळलेल्या पिकाच्या लोंब्यांत निम्मे दाणे पोचट निघतात.

हे सगळं मी अण्णांना पेरणीच्या आधी तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावण्यात अण्णांचा हात कुणी धरणार नाही.

अडचण गावाची होती. देवणी तालुक्यातलं हे गाव जनावरांसाठी वेडं. घरटी देवणी गाय, आणि अण्णांच्या दावणीला दिवाण नावाचा वळू. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, चाल अशी की आपणच बाजूला व्हावं. अशा गावात चाऱ्याची परीक्षा करायची एक जुनी रीत आहे. जाणता माणूस बांधावर उभा राहतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि उभ्या पिकात टाकतो. टोपी पिकाच्या माथ्यावर तरंगली तर चारा पास. खाली जाऊन मातीला लागली तर मालकानं चार दिवस चहाच्या हॉटेलात तोंड दाखवायचं नाही. अण्णांची टोपी तीस वर्षांत मातीला लागली नव्हती. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, तेव्हा मी ते कौतुकानं ऐकून घेतलं. खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पेरणीनंतर मला दीड महिना नांदेडकडच्या प्लॉटवर पाठवलं होतं. विष्णुपुरीच्या पलीकडे आमचे चार प्लॉट होते. इकडे अण्णा आणि ती बारा इंचांची मोकळी जागा, दोघंच राहिले. आठ दिवस त्यांनी कळ काढली. मग उदगीरच्या बाजारातून चाऱ्याच्या ओटचं बी आणलं, प्रत्येक दोन ओळींच्या बरोबर मधे काडीनं रेघ ओढली आणि सबंध एकरभर नवी ओळ पेरून टाकली. हातानं. एकट्यानं. ओळी इतक्या सरळ होत्या की माझ्या टेपनं सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

"बाजारातलं बी आहे ना अण्णा हे?"

"बीच हाय की. त्येबी ओटच. त्येच्या जातीला काय शिक्का मारलाय का?"

मारलेला असतो. तोच तर सगळा मुद्दा आहे. बियाण्याच्या प्लॉटमधे दुसऱ्या जातीचं झाड म्हणजे भेसळ. फुलोऱ्याच्या वेळी इन्स्पेक्शनला अधिकारी येतात, आणि अशी भेसळ दिसली तर प्लॉट रद्द. इथे तर निम्मं शेत भेसळ होतं.

मी घराकडे गेले. कस्तुरामावशी, म्हणजे अण्णांच्या मालकीणबाई, अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मिरच्यांखाली युरियाच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकींना जोडून केलेलं मोठं ताडपत्रीसारखं अंथरूण. शिंप्याच्या मुलीची नजर आधी शिवणीवर जाते. मी जोड मोजले.

"मावशी, पाच गोण्या आहेत की."

"हाव."

"मी दोनच सांगितल्या होत्या."

मावशींनी मिरची पालथी केली. "दोन तुमच्या. तीन दिवाणच्या नावानं."

म्हणजे दाटी दुप्पट आणि युरिया अडीचपट. पीक काळंभोर हिरवं दिसत होतं, माझ्या कमरेला लागत होतं. लोक रस्त्यावर मोटारसायकल थांबवून बघत होते. त्याच गावातले पाच शेतकरी पुढच्या वर्षी आमचं बी धरायचं की नाही हे या एकाच प्लॉटवरून ठरवणार होते. आणि तो रद्द झाला तर देवणी तालुक्याचं काम बंद, हे मोरे सरांनी मला आधीच ऐकवलेलं होतं. मोरे सर म्हणजे माझे वरिष्ठ. ते लातूरला बसतात आणि फोनवर नेहमी जेवता जेवता बोलतात.

"रद्द करून टाका," ते घास गिळून म्हणाले. "रिपोर्ट लिहा आणि या परत."

"सर, अजून उपाय आहे. पीक अजून कांडी धरायचंय. चार दिवसांत चाऱ्यासाठी एक कापणी घेतली आणि मधल्या ओळी कोळप्यानं काढल्या, तर खालून आपल्याच ओळी पुन्हा फुटतील. युरियाचा जोरही कमी होईल."

हा उपाय मी शोधलेला नाही. ओट पहिल्या कापणीनंतर परत फुटतं. फक्त कांडी धरायच्या आत, म्हणजे आतून लोंबी वर सरकायला लागायच्या आत, कापायला हवं. नंतर कापलं तर लोंबीच छाटली जाते.

"म्हातारा कापू देईल?"

"सरळ सांगून नाही देणार."

"मग?"

"पैज लावते."

"कशावर?"

"शेणावर."

पलीकडे सरांना जोरात ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात अण्णा होते आणि ते पाच शेतकरीही होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अण्णा, तुमचं पीक दिसायला एक नंबर आहे. पण त्याच्या पायात बळ नाही. एका वाफ्याला पाणी द्या. उद्या संध्याकाळपर्यंत तो वाफा उभा राहिला तर मी हरले. दिवाणचा गोठा मी साफ करीन. आडवा झाला तर मधल्या ओळी काढायच्या आणि सगळं पीक कापायचं."

हॉटेलात एकदम आनंदाचं वातावरण झालं. मॅडम शेण काढणार हे ऐकून एकानं दुसरा चहा मागवला.

"मॅडम, तुमी शिकल्या-सवरलेल्या," अण्णा म्हणाले. "कशाला हात घाण करून घेताव?"

"घाबरलात?"

"म्या?" अण्णांनी कप खाली ठेवला. "लागली पैज."

आता एक कबुली देते. पैज लावायच्या आधी मी मोबाइलवर हवेचा अंदाज बघितला होता. दुसऱ्या दिवशी दुपारून जोराचा वारा होता. ओली जमीन, मऊ दांडा आणि वारा, म्हणजे माझा विजय छापून आल्यासारखाच होता. याला कुणी लबाडी म्हणेल. मी त्याला पूर्वतयारी म्हणते.

अण्णांनी माझ्यासमोर वाफ्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा आला, अंदाजात होता त्याहून जास्तच आला. मी रेणापूरच्या प्लॉटवर होते, तिथे माझी ओढणी दोनदा कुंपणात अडकली आणि दोन्ही वेळा मला हसू आलं. संध्याकाळी मी गाडी थेट अण्णांच्या बांधाला लावली.

वाफा उभा होता.

नुसता उभा नव्हता, कवायतीला उभा होता. गंमत म्हणजे शेजारचं पाणी न दिलेलं कोरडं पीक वाऱ्यानं थोडं कललं होतं, आणि पाणी दिलेलं मात्र ताठ. पाचही साक्षीदार हजर होते. अण्णांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो देवळातला भाव.

मी वाकून पानं बाजूला केली. आत तुराट्या होत्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या. हात-दीड हात अंतरावर मातीत रोवलेल्या, आणि एकीपासून दुसरीपर्यंत ओढलेली सुतळी. मिरच्यांखालचं अंथरूण ज्या सुतळीनं शिवलेलं होतं, तीच. गाठही तीच. एका माणसाचं अख्ख्या सकाळचं काम होतं ते. मी तशीच वाकलेली राहिले, कारण हसू आवरत नव्हतं.

आता माझ्याकडे दोन रस्ते होते. सगळ्यांसमोर तुराटी उपटून दाखवायची, किंवा गप्प बसायचं. उपटली असती तर पैज मी जिंकले असते, पण पाच माणसांसमोर खोटे पडलेले अण्णा दुसऱ्या दिवशी एक पातंही कापू देणार नव्हते. जिंकून मला करायचं काय होतं? मला पीक कापून हवं होतं.

मी उभी राहिले. "हरले अण्णा. फावडं कुठे आहे?"

ही गोष्ट अण्णांच्या हिशोबात नव्हती. त्यांना वाटलं होतं मी वाद घालीन, मग तेही घालतील, आणि त्यात दोन-चार दिवस निघून जातील. मी मात्र ओढणी कमरेला खोचली, गोठ्यात गेले आणि शेण ओढायला लागले.

शेण काढणं मला येत नाही. शिंप्याच्या घरात त्याचा सराव होत नाही. पहिलं टोपलं मी इतकं भरलं की उचलेना. दिवाणनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि आणखी कामाला लावलं. कस्तुरामावशी दाराच्या आड पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. रस्त्यावर माणसं जमायला लागली. कुणीतरी कुणालातरी ओरडून सांगत होतं, "अगं ये लवकर, अण्णाच्या गोठ्यात मॅडम शेण काढायलीत!"

पहिल्या टोपल्याला अण्णा हसत होते. दुसऱ्याला त्यांनी रस्त्याकडे पाठ केली. तिसरं टोपलं मी उकिरड्याकडे नेत असताना ते आडवे आले.

"ठिव त्ये टोपलं, पोरी."

मॅडमची पोरी झाली होती. मी टोपलं ठेवलं.

"तुराट्या लावल्यात म्या," ते हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुराट्या लावायच्या नाहीत असं पैजेत ठरलं नव्हतं अण्णा. माझीच चूक. पुढच्या वेळी लिहून घेईन."

अण्णा मला घेऊन शेतावर आले. साक्षीदार मागोमाग आलेच. अण्णांनी वाफ्याच्या कडेची एक तुराटी उपटली. सुतळी सैल झाली, शेजारची तुराटी कलली, तिनं तिसरीला ओढलं, आणि तो अख्खा हिरवागार वाफा आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू, जेवणानंतर लवंडावं तसा लवंडला. कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही, कारण अण्णा त्या पिकाकडे नाही, माझ्या टेपकडे बघत होते.

"मोकळं रान दिसलं की लोक काय म्हणत्यात ठावं हाय का तुला?" ते म्हणाले. "म्हणत्यात, म्हाताऱ्याच्यानं आता व्हईना. पेरायला हात पुरंना त्येचा. रोज ह्या बांधावरनं माणसं जात्यात. दोन ओळींतली माती बगत्यात आन् गप्प जात्यात. त्या परीस मला शिव्या दिलेल्या पुरवल्या असत्या."

मला फार लाज वाटली. मी तीन वेळा त्या माणसाला ऊन, वारा आणि फुटवे समजावले होते, आणि त्यांना भीती होती ती म्हातारं ठरवलं जाण्याची. एकरभर मधल्या ओळी त्यांनी एकट्यानं वाकून पेरल्या, त्या चाऱ्यासाठी नव्हत्याच.

"अण्णा," मी म्हटलं, "एवढ्या सरळ ओळी माझ्या कुठल्याही प्लॉटवर नाहीत. त्याच सरळ हातानं आता त्या काढायच्यात. मधली माती दिसेल, ती दिसू द्या. कुणी विचारलं तर सांगा, मॅडमनं शेण काढून ही माती विकत घेतलीय."

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग साक्षीदारांकडे वळले.

"बगत काय ऱ्हायलाव? विळे आणा."

दोन दिवसांत सगळं पीक कापलं. एवढ्या युरियाचा हिरवा चारा जनावरांना नुसता घालणं धोक्याचं असतं, म्हणून तो पाच घरांत वाटून दिला आणि प्रत्येक दावणीवर जाऊन, कडब्यात थोडा थोडा मिसळूनच घाला, असं मी बजावून आले. मग अण्णांनी बैलजोडी जुंपून मधल्या ओळींवर कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं औत, चालवलं. माझी टेप त्यांनी कोळप्याच्या रुमण्याला, म्हणजे धरायच्या दांड्याला, बांधली होती. घरात युरियाची सहावी, न फोडलेली गोणी होती, ती मावशींनी ताब्यात घेतली, तिच्यावर गोधडी घातली आणि रोज दुपारी त्या तिच्यावरच बसायला लागल्या.

शेत बोडकं दिसत होतं. हे मी कबूल करते. पंधरा दिवस अण्णा हॉटेलात गेले नाहीत. मला फोन करून एकच विचारायचे, "फुटंल ना गं?" मी म्हणायचे, फुटेल. फोन ठेवल्यावर मी स्वतःलाही तेच विचारायचे, कारण आम्ही कापलं ते अगदी शेवटच्या दिवशी कापलं होतं.

फुटलं. दांडा बुटका, पण बोटात धरला तर घट्ट लागायचा. फुटव्याला फुटवा आला. निसवायला लागलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला लागल्या, तेव्हा मावशी रोज सकाळी ओळीतून फिरायच्या आणि बाजारातल्या बियाचं एखादं चुकार झाड दिसलं की उपटायच्या. ओळीच्या बाहेर जे दिसेल ते परकं, एवढा साधा नियम होता. बारा इंच असल्यामुळेच तो पाळता येत होता. त्यांनी काढलेली झाडं दिवाण उभ्या उभ्या खायचा.

इन्स्पेक्शनचे अधिकारी आले तेव्हा निम्मं गाव बांधावर होतं. मोरे सरही लातूरहून आले होते, डबा घेऊन. अधिकारी ओळीतून या टोकाकडून त्या टोकाकडे गेले, मधूनमधून वाकून लोंब्या तपासत. मी आणि अण्णा शेजारी शेजारी उभे होतो. बांधावरून कुणीतरी म्हातारा ओरडला, "अण्णा, टोपी टाकून बगा की! तरंगती का?"

हशा पिकला. अण्णांनी शांतपणे टोपी काढली आणि ओळींमधे टाकली. टोपी सरळ खाली गेली आणि मातीवर जाऊन बसली.

तीस वर्षांत पहिल्यांदा.

"दिसती का कुणाला?" अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. "न्हाई ना? मंग या खाली, आन् वाकून बगा. बियाण्याच्या पिकात टोपी मातीलाच लागली पायजे. जिथं टोपी जाती तिथं वारा जातो, ऊन जातं, आन् ही मॅडमबी जाती."

पाचही जण खाली उतरले आणि वाकले. अधिकारी परत आले, कागदावर सही केली आणि म्हणाले, "भेसळ नाही. प्लॉट पास." मोरे सरांनी तिथेच डबा उघडला.

अण्णांनी टोपी उचलली, माती न झटकता डोक्यावर ठेवली आणि हॉटेलाकडे निघाले. वाटेत ते मला म्हणाले, "पोरी, येक इचारू? त्या दिशी वारा सुटणार हे तुला ठावं व्हतं का?"

मी खोकले. "तुम्हाला?"

"दिवाण सकाळपासनं वाऱ्याला पाठ करून हुबा व्हता. उगंच का तुराट्या आणल्या म्या?"

पुढच्या हंगामात त्या पाचही जणांनी बी धरलं. अण्णा आता त्यांच्या शेतावर न सांगता जातात आणि ओळी मोजतात. टेप त्यांच्याकडेच आहे, मी अब्बांकडून दुसरी आणली. आणि नवीन फील्ड ऑफिसर कामावर आले की मी त्यांना स्पेसिंग आणि खताचं पुस्तक देते, सोबत एक सल्लाही देते: शेतकऱ्याला मोकळी जागा ठेवायला सांगण्याआधी ती कुणाकुणाला दिसणार आहे ते विचारून घ्या, आणि विचारायचं राहून गेलंच तर निदान टोपलं अर्धंच भरा.